१७ हजार विसरा, दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येत आहेत. त्यांना यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवायचं आहे. पिकअपच्या हौद्यात बसवायचा स्लाइड-इन कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली छोटी खोली, घ्यावा, असं दोन वर्षं मनात आहे. प्युब्लोला एक जुना कॅम्पर पाहून ठेवलाय. चारी भिंती पक्क्या, आत न्हाणीघर, माहितीपत्रकात वजन २,८५० पौंड. त्यासाठी ट्रकही बघितला. २०१६ चा राम २५००, कमिन्स डिझेल, चार दारं, आखूड हौदा, ९२ हजार मैल. विकणारा म्हणतो, ‘हा १७ हजार पौंड ओढतो, मागे स्प्रिंगांना आधार द्यायला हवेच्या पिशव्या, एअरबॅगाही बसवल्यात, कॅम्पर आहे हे कळणारसुद्धा नाही.’ शनिवारी विसार द्यायचा आहे. एरवी हीच गाडी ऑफिसला न्यायची, जाऊन-येऊन सहा मैल. फोटो जोडले आहेत. निर्णय बरोबर आहे ना? की पेट्रोलचा ट्रक बघावा?

— ऑरोराचा वाचक

तुम्हाला नमस्कार, आणि आई-बाबांना माझाही नमस्कार सांगा.

शनिवारी विसार देऊ नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं वाचायला वेळ झाला नाही तरी एवढं तुमच्यापर्यंत पोचायला हवं. ट्रक वाईट आहे असं मी म्हणत नाही. फोटोंवरून तो नीट सांभाळलेला दिसतोय. पण तुम्ही पाहिलेला कॅम्पर या ट्रकला पेलणार नाही. थोडक्यात हुकतंय असंही नाही, दुपटीच्याही पुढे जातंय.

तुमचा चौथा फोटो पुन्हा उघडा. सीटचं कातडं दाखवायला तुम्ही ड्रायव्हरचं दार उघडून तो काढलाय. डाव्या कोपऱ्यात, दार मिटल्यावर जो खांब झाकला जातो त्यावर, पिवळ्या पट्ट्याचं एक छोटं पांढरं स्टिकर अर्धवट आलंय. फोटो मोठा करून पाहिलं. टायरच्या हवेच्या आकड्यांवर एक ओळ आहे. माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त नसावं, अशी. तिथे आकडा आहे २,०८०. हा त्या नेमक्या गाडीचा पेलोड, म्हणजे तिने पाठीवर घ्यायच्या वजनाची मर्यादा. त्या मॉडेलचा नाही, जाहिरातीतला नाही, तर त्याच गाडीचा, ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी. शेजारच्या घरासमोर तसाच ट्रक उभा असेल तर त्याचा आकडा वेगळा निघू शकतो. सनरूफ, मोठी सीटं, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, असं जे जे गाडीत जास्तीचं असतं, त्या प्रत्येकाचं वजन याच आकड्यातून गेलेलं असतं.

मग १७ हजार कुठून आले? तो ओढण्याचा आकडा. विकणारा खोटं बोलत नाहीये, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. तुम्ही साताऱ्याकडचे, म्हणून तिकडचंच सांगते. उसाच्या गाडीला जुंपलेली बैलजोडी केवढा ऊस कारखान्यापर्यंत ओढून नेते, ते तुम्ही पाहिलेलं असणार. तोच ऊस बैलांच्या पाठीवर लादला तर ती दोन पावलं तरी टाकतील का? ट्रेलर म्हणजे गाडी. त्याचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. स्लाइड-इन कॅम्पर थेट पाठीवर बसतो, आणि जवळजवळ सगळाच मागच्या ॲक्सलवर. म्हणून कॅम्परसाठी ट्रक बघताना ओढण्याचा आकडा कुणी सांगू लागलं, की ऐकून घ्या आणि दाराच्या खांबाकडे वळा.

आता हिशेब मांडू. मी कागदावर मांडलाय, तुम्हीही मांडा.

पत्रकातले २,८५० पौंड म्हणजे रिकाम्या कॅम्परचं वजन. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बॅटऱ्या नाहीत, आणि पुष्कळदा छतावरचा एसीसुद्धा नसतो. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंडांचं. त्या आकाराच्या कॅम्परला ३५ गॅलनची टाकी धरली तर पाण्याचेच २९० पौंड. गरम पाण्याच्या सहा गॅलनच्या टाकीचे ५०. प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या ७५. दोन बॅटऱ्या १२०. एसी १००. इथेच ३,४८५ झाले. मग पाच माणसांचं अंथरूण-पांघरूण, कपडे, खुर्च्या, हत्यारं, बर्फपेटी, आणि आपला स्वयंपाक. आई येणार म्हणजे कुकर, पोळपाट-लाटणं, कणकेची पिशवी, डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा हे येणारच, आणि यायलाच हवं. यलोस्टोन लेकचा परिसर ७,७०० फुटांवर आहे, तिथे कुकरशिवाय तूरडाळ लवकर शिजत नाही. या सगळ्याचे ४०० पौंड धरले तर ते मी कमीच धरलेत. कॅम्पर झाला ३,८८५ पौंडांचा. आता माणसं. स्टिकरवरच्या आकड्यात माणसंही येतात, ड्रायव्हरसकट. पाच जणांचे ६५० धरू.

बेरीज ४,५३५. ट्रकची ताकद २,०८०.

सोपा ठोकताळा हवा असेल तर पत्रकातल्या वजनात १,००० पौंड मिळवा आणि मग माणसं मिळवा. अनुभवाने सांगते, तो आकडा क्वचितच खोटा ठरतो.

हे मी कळकळीने लिहितेय, कारण आम्ही हीच चूक केलीय. आमचा पहिला ट्रक अर्ध्या टनाच्या, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातला होता. एका विक्रेत्याने आम्हाला कॅम्पर दाखवला आणि ‘या ट्रकवर आरामात बसतो’ असं सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. सपाट रस्त्यावर तो खरंच आरामात बसला. दुसऱ्या महिन्यात दक्षिण कोलोरॅडोत वुल्फ क्रीक पासवरून पगोसा स्प्रिंग्सच्या बाजूला उतरत होतो. खिंड १०,८५७ फुटांवर, आणि पश्चिमेचा उतार लांबलचक. तिसऱ्या वळणानंतर जळका वास गाडीत आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग ब्रेकचं पेडल पूर्वीपेक्षा खोल जायला लागलं. नवऱ्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, आणि दिसला त्या पहिल्या रुंद कडेला आम्ही थांबलो. तो उतरून मागच्या टायरजवळ गेला, हात लावला आणि लगेच काढून घेतला. टायर खालून फुगला होता, आणि त्याच्या बगलेवर केसाएवढ्या बारीक रेघा आल्या होत्या. मुलं मागच्या सीटवर झोपली होती. पाऊण तास आम्ही तिथेच उभे होतो, मुलांना उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी एका ट्रक थांब्यावर गाडी वजनकाट्यावर घेतली. गाडीची कमाल मर्यादा ७,२०० पौंड. काट्याच्या पावतीवर ८,३४०. ती पावती अजून आमच्या गाडीच्या कागदपत्रांत आहे.

तुमच्या विक्रेत्याच्या एअरबॅगांबद्दल. एअरबॅगा चांगल्या असतात, मी स्वतः वापरल्यात. गाडीची खाली बसलेली मागची बाजू त्या वर उचलतात, डुलणं थोडं कमी करतात, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत. पण ॲक्सल तोच राहतो, बेअरिंग तीच, ब्रेक तेच, चाकं तीच. स्टिकरवरचा आकडा त्यांनी एक पौंडानेही वाढत नाही. धोका हा, की गाडी सरळ दिसते आणि आपल्याला वाटतं, पेललं.

तुमच्या ट्रकचा आकडा एवढा कमी का, तेही सांगते, म्हणजे पुढचा ट्रक बघताना उपयोगी पडेल. राम २५००, फोर्ड एफ-२५०, शेव्हरोले २५०० हा पाऊण टनाचा वर्ग. त्या काळातल्या यातल्या पुष्कळ गाड्यांना एकूण कमाल वजनाची मर्यादा १०,००० पौंडांची लावलेली असते. त्याच्या वर गेलं की व्यवसायाच्या गाड्यांना वेगळे नियम लागतात, म्हणून ही मर्यादा लोखंडापेक्षा कागदाची जास्त. आता या १० हजारांतून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा ५०० ते ८०० पौंडांनी जड. चार दारांची केबिन जड. उरतात दोन हजार. सगळ्यात दणकट आवाजाचं इंजिन असलेला ट्रक पाठीवर सगळ्यात कमी का घेतो, त्याचं उत्तर हे.

शिवाय २०१४ पासून राम २५०० च्या मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामी गाडी त्यावर मऊ चालते, ट्रेलर ओढायलाही छान. पण उंच, डोक्यात जड कॅम्पर वळणावर कलंडू लागतो तेव्हा मला मागे पाटेच हवेत. त्याच कंपनीच्या ३५०० ला पाटे आहेत.

म्हणून तुम्ही एक टनाचा वर्ग बघा. राम ३५००, एफ-३५०, शेव्हरोले किंवा जीएमसी ३५००. त्यात मागे एकेक चाक असलेला, पेट्रोल इंजिनाचा, आठ फुटी लांब हौद्याचा ट्रक घेतलात तर स्टिकरवर साडेतीन ते चार हजार, कधी त्याच्याही वरचा आकडा मिळतो. पण नावावर जाऊ नका. एफ-३५० सुद्धा काही जण मुद्दाम १० हजारांच्या मर्यादेचं पॅकेज घालून मागवतात, नोंदणी सोपी पडते म्हणून. वरून ३५०, आत २५० चा आकडा. एफ-मालिकेत कारखान्यातूनच कॅम्पर पॅकेज घातलेला ट्रक सापडला तर तो आधी बघा. त्याला जादा पाटे आणि डुलणं आवरणारा दांडा असतो.

आणि हेही खरं सांगायला हवं: तुमचा प्युब्लोचा कॅम्पर पाच माणसांसकट चार हजारांच्या ट्रकवरही बसत नाही. बेरीज साडेचार हजार आहे. त्याला मागे चार चाकांचा ड्युअली लागेल. ड्युअली कॅम्परखाली अगदी ठाम उभा राहतो, पण सहा टायर, मागे फुगलेले मडगार्ड, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज दोन रेघांच्या मध्ये मावण्याची खटपट. वर्षातून चार-पाच सहलींसाठी मी तो तुम्हाला सुचवणार नाही.

त्यापेक्षा कॅम्पर बदला. कोणत्याही जाणत्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल: कॅम्पर आधी ठरवा, ट्रक नंतर. तुम्ही दोन्ही एकाच आठवड्यात पसंत केलेत, म्हणून ही गाठ पडलीय. पक्क्या भिंतींचा, बाहेर सरकणारी खोली नसलेला, २,१०० पौंडांच्या आतबाहेरचा कॅम्पर शोधा. त्यात हजार मिळवा, माणसांचे ६५० मिळवा, ३,७५० झाले. चार हजारांच्या स्टिकरखाली हे बसतं आणि वर थोडा श्वासही उरतो. छत वर उचलायचे, कापडी भिंतींचे कॅम्पर याहून पुष्कळ हलके असतात, मला फार आवडतात, पण यलोस्टोनमध्ये एक अडचण आहे. तिथल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या तळावर, अस्वलांमुळे कापडी भिंतींना परवानगी नाही, तंबूलाही नाही. तुमच्या डोक्यात पहिलीच सहल यलोस्टोनची आहे, म्हणून पक्क्या भिंती.

आता आई-बाबांबद्दल दोन शब्द. तुम्ही हे विचारलं नाहीत, पण पत्र वाचताना माझं लक्ष तिथेच अडकलं. कॅम्परमधला मोठा पलंग केबिनच्या डोक्यावर असतो. चढायला छोटी शिडी, वर पाठ ताठ करून बसताही येत नाही. सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उठून तिथून खाली यावं लागलं तर? खालच्या जेवणाच्या टेबलाचा पलंग होतो, तो एकाला पुरतो, दोघांना अपुरा. शिवाय कॅम्परचं दार जमिनीपासून चांगलंच उंच, तीन-चार अरुंद पायऱ्या. त्यांचे गुडघे कसे आहेत, ते त्यांनाच मोकळेपणाने विचारा. ‘आमचं काय, आम्ही कुठेही झोपू’ असं उत्तर येईल, ते धरू नका. त्या सहलीत रात्री त्यांच्यासाठी लॉजमधली खोली घ्या आणि दिवसा कॅम्पर वापरा. चहा, डाळ-भात, दुपारची डुलकी, कुठेही थांबलं तरी स्वच्छ संडास. वडीलधाऱ्यांना प्रवासात याच गोष्टी सगळ्यात जास्त लागतात. यलोस्टोनच्या आतल्या खोल्या फार लवकर भरतात, म्हणून ट्रकच्याही आधी ते बुकिंग बघा.

आणि चालत्या गाडीत कुणालाही कॅम्परमध्ये बसवू नका. काही राज्यांत कायदा ढिला आहे, पण आत ना पट्टा, ना ड्रायव्हरशी बोलायची सोय. पाचही जण केबिनमध्ये, पट्टे लावून. म्हणून चार पूर्ण दारांचाच ट्रक बघा. दीड दाराच्या केबिनमध्ये मागे आजी-आजोबा आणि नात पाचशे मैल बसू शकणार नाहीत.

डिझेल की पेट्रोल? तुमच्यासाठी पेट्रोल, आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नव्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी साठली की इंजिन ती तापवून जाळतं, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ सलग, तापलेली चालायला लागते. रोज जाऊन-येऊन सहा मैलांत इंजिन धड गरमही होत नाही. फिल्टर तुंबतो, दिवे लागतात, आणि दुरुस्तीचं बिल बघून सहलीचा आनंदच जातो. डिझेल वाईट नाही. जो महिन्यातून दोनदा डोंगर ओलांडतो, सुट्टीत चार-चार राज्यं पालथी घालतो, त्याने जरूर घ्यावं. उतारावर डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनाच्याच जोरावर गाडी आवरण्याचं) सुख पेट्रोलला नाही, हेही मान्य.

पेट्रोलचं इंजिन उंचावर दमतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे इंजिनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गळालेला असतो. चढताना उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे, सावकाश जायचं. उतरताना आधीच टो-हॉल मोड (ओझं असताना गिअर खालचा धरून ठेवणारी सोय) लावायचा, गिअर खाली ठेवायचा आणि ब्रेक थांबून थांबून मारायचा. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना रस्त्याकडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प बांधलेत. ते उगाच बांधलेले नाहीत.

फोर्डचं ६.२ लिटरचं व्ही-८, जीएमचं ६.० लिटरचं आणि रामचं २०१४ नंतर या वर्गात आलेलं ६.४ लिटरचं हेमी, ही तिन्ही पेट्रोल इंजिनं कामाच्या गाड्यांमध्ये लाखो मैल राबलेली आहेत. पेट्रोल पितात, लादलेल्या गाडीला गॅलनला १० मैल मिळाले तर बरं म्हणायचं. पण मेकॅनिक कुठेही मिळतो. डिझेलचा मोह होऊन फोर्डच्या २००३ ते २००७ च्या ६.० लिटरच्या ट्रककडे मात्र वळू नका. ते स्वस्त दिसतात, पण त्या इंजिनाच्या हेड गॅस्केटचा आणि कूलरचा त्रास सर्वांना माहीत आहे, आणि त्यावर किती खर्च झालाय याच्या पावत्या विकणाऱ्याकडे नसतील तर पुढचा खर्च तुमचा.

आता वापरलेला ट्रक प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा. हे काम घाईने करू नका. एक जाड गोणपाट, टॉर्च आणि जुने कपडे घेऊन जा.

पहिला गंज. गाडी कुठे वाढली हे कागदावरून काढा. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशा मीठ टाकणाऱ्या राज्यांत सात-आठ हिवाळे काढलेला ट्रक वरून चकाचक आणि खालून पोखरलेला असू शकतो. आपल्याकडे कोलोरॅडोत रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात, तेही कमी नाही. आडवं पडून टॉर्चने चासी बघा. पाटे जिथे चासीला अडकतात ते हँगर, ब्रेकच्या नळ्या, स्पेअर चाकाच्या वरचा भाग. खपल्या निघत असतील तर उठा, हात झटका आणि घरी या. खालून नवा काळा रंग मारलेला दिसला तर मी आणखी सावध होते.

केबिन आणि हौदा यांच्या मधल्या फटीत डोकवा. दोन्ही बाजूंची फट वर-खाली सारखी हवी. ज्या ट्रकवर आधी मर्यादेबाहेरचा कॅम्पर वागवलेला असतो, त्याची चासी तिथेच वाकते किंवा चिरते. हौद्याच्या कडांवर, पुढच्या कोपऱ्यांत, तडे किंवा ओढल्यासारखे पत्रे असतील तर कुणीतरी कॅम्पर चासीऐवजी हौद्यालाच बांधला होता, असं समजा.

टायर. बगलेवर ‘लोड रेंज ई’ लिहिलेलं हवं, ज्याला इकडे दहा प्लाय म्हणतात. शेजारी भारांक असतो. १२१ म्हणजे एका टायरला साधारण ३,२०० पौंड, १२५ म्हणजे ३,६४० च्या आसपास. मागच्या दोघांची बेरीज करा आणि ती मागच्या ॲक्सलच्या मर्यादेपेक्षा कमी नाही ना बघा. बगलेवर ‘DOT’ (डॉट) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरचा जन्म: २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. कितीही नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर कॅम्परखाली नको. नव्या चार टायरांचे पैसे भावात धरूनच बोला.

मैलांबरोबर इंजिनाचे तास विचारा. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या पडद्यावरच ते दिसतात. मैलांना तासांनी भागलं की सरासरी वेग कळतो. ९० हजार मैल आणि ३,००० तास म्हणजे ताशी ३०, ठीक. तेवढेच मैल आणि ६,००० तास म्हणजे ती गाडी अर्धं आयुष्य कुठल्यातरी साइटवर उभ्याने धडधडत होती. कंपन्यांच्या पांढऱ्या, साध्या सीटांच्या गाड्यांमध्ये हे हमखास आढळतं. तरीही अशाच गाड्यांचा पेलोड चांगला असतो, कारण आत चैन कमी, म्हणून त्या टाळू नका, फक्त तास बघा.

डिझेल बघायला गेलातच आणि ‘फिल्टर काढून टाकलाय, आता कटकट नाही’ असं कुणी सांगितलं तर तिथेच नमस्कार करा. तो प्रकार बेकायदा आहे, आणि डेन्व्हर परिसरात धुराची चाचणी द्यावी लागते. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, स्वच्छ हवं; अपघातातून उभी केलेली गाडी नको. गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) टाकून सरकारी संकेतस्थळावर रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने जाहीर केलेल्या दुरुस्त्या, बाकी आहेत का ते फुकटात कळतं. आणि शेवटी स्वतःच्या मेकॅनिककडे तपासणी. दीडशे-दोनशे डॉलर जातील. विकणारा गाडी मेकॅनिककडे न्यायला नाही म्हणत असेल तर तेच तुमचं उत्तर.

एक गोष्ट लोक विसरतात. नवे ट्रक जुन्यांपेक्षा उंच आहेत. जुना कॅम्पर फोर्डच्या २०१७ नंतरच्या सुपर ड्युटीवर (एफ-२५०, एफ-३५०) ठेवायला गेलं तर त्याचं पुढे झेपावलेलं नाक केबिनच्या टपाला टेकू शकतं. हौद्याच्या तळापासून टपापर्यंतची उंची टेपने मोजा आणि कॅम्परवरच्या मापाशी ताडून बघा. मागचा फाळका काढावा लागेल, तो गॅरेजमध्ये गादीवर आडवा ठेवा. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते, ती मागच्या ॲक्सलच्या पुढे पडायला हवी. आठ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर आखूड हौद्यात बसवला की ती खूण मागे जाते आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग मग तुमचं ऐकत नाही. बांधणी चासीला अडकणाऱ्या पक्क्या हुकांचीच घ्या आणि हौद्यात रबराची चटई अंथरा, कॅम्पर सरकत नाही.

सगळं भरून, पाणी भरून, पाचही जणांना बसवून पहिल्याच दिवशी काट्यावर जा. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात. पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसऱ्या पट्टीवर, बटण दाबून सांगायचं की खासगी गाडी आहे. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलचं वेगवेगळं वजन हातात मिळतं. वायोमिंगमध्ये वारा फार असतो. उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद, असे फलक लागतात तेव्हा तुमची गाडीही उंचच धरा, पुढच्या गावात चहा करून बसा.

जूनला अजून वेळ आहे. प्युब्लोच्या कॅम्परवाल्या माणसाला आज फोन करून मोकळेपणाने सांगून टाका, त्यालाही दुसरं गिऱ्हाईक बघता येईल. एक टनाचे ट्रक बघायला लागलात की प्रत्येकाचं दार उघडून आधी पिवळ्या पट्ट्याच्या स्टिकरचा फोटो काढा, सीटचा नंतर. आवडलेल्या दोन-तीन गाड्यांचे फोटो कॅम्परच्या वजनासकट मला पाठवा. मी बेरीज करून कळवते.

तुमची,
ताई